दाजींचं लाल कुलूप

दुरुस्ती चालू असताना कुणी मशीन चालू करू नये म्हणून मिक्सरच्या मेन स्विचला लावलेलं आपलं कुलूप खाली तुटून पडलेलं दिसलं आणि मेंटेनन्स इंजिनिअरच्या हातातले बोल्ट खळकन सांडले. प्रॉडक्शन मॅनेजर हातात कटर घेऊन ऑपरेटरला सांगत होता, "कर चालू!"

"बटणाला हात लावलास तर याद राख! आत माणूस आहे!" इंजिनिअर एवढ्यांदा ओरडला, की पार पॅकिंगमधली माणसं वळून बघायला लागली.

माणूस म्हणजे दाजी. इंजिनिअरच्या ताईचा नवरा आणि इथला जुना फिटर. याच्यामुळे अख्खा कारखाना त्यांना दाजीच म्हणे. याने पान्याने टाकी बडवली, तेव्हा कुठे पात्यांच्या मधून त्यांचं डोकं वर आलं. कानांत बोळे, मिशीला ग्रीस. "काय झालं रे?"

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय ठाऊक? एकच कुलूप, तेही तुमचं. तुम्ही स्टोअरमध्ये दिसलात. वाटलं, काढायला विसरलात. गाडी ताटकळतेय बाहेर."

"वाटलं? आत डोकावायला मान अवघडली होती का? ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हे भिंतीवर काय शोभेला लिहिलंय? चला प्लांट हेडकडे, आत्ताच्या आत्ता!"

"चला की. पण आत उतरेल त्याने स्वतःचं कुलूप लावायचं, हेही तिथेच लिहिलंय. यांचं कुठाय?"

 ते कुठाय हे इंजिनिअरला पक्कं माहीत होतं. कंपनीने दिलेलं ते दणकट लाल कुलूप ताईच्या घराच्या मागच्या दाराला होतं. गेल्या सुट्टीत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. "मेहुणेसाहेब, असला माल बाजारात मिळत नाही," म्हणून दाजी मिशीत हसले होते, आणि मोठ्या माणसाला काय बोलायचं म्हणून हाही हसला होता. आज सकाळी टाकीत उतरताना दाजींचं पुन्हा तेच. "तुझं लागलंय ना? मग बास की. आपण काय परके आहोत?" त्यावरही याने मुंडी हलवली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

"दाजी, बाहेर या."

"अरे, दोनच बोल्ट राहिलेत..."

"बाहेर या म्हणतो ना!" दाजींवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ. दाजी बाहेर आले.

प्लांट हेडने मॅनेजरला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, तरी याचा राग काही उतरेना. शिफ्ट सुटल्यावर तो तोच कटर काखोटीला मारून तडक ताईच्या मागच्या दाराशी गेला. दाजी पाठोपाठ येत होते. 

कट्! लाल कुलूप पायरीवर पडलं. ताई ओल्या हातांनीच धावत आली. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? ह्यांचं कुलूप आहे ते!"

"ह्यांचंच आहे. किती वेळ लागला गं तुटायला? कारखान्यात माझंही एवढ्यातच तुटलं. तेव्हा दाजी मशीनच्या आत होते. यांचं कुलूप तिथे असतं तर आत माणूस आहे हे कळलं असतं, कुणाची हिंमत झाली नसती."

ताई नवऱ्याकडे वळली. दाजींनी काही न सुचून खिशातली किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती हिसकावली आणि अंगणापलीकडे भिरकावून दिली.

"काय होतं हो आपल्या घरात चोरायला?" ती ओरडली, आणि मग तिला रडू फुटलं.