सुगंधी पाला

माझा धाकटा भाऊ शीतगोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. हाडं गोठवणाऱ्या थंडीत आठ-आठ तास खोक्यांच्या थप्प्या उचलायच्या, रचायच्या. पाठीनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर विश्रांती. मॅनेजर म्हणाला, "मग कायमचाच घरी बस."

पाठीपायी झोप लागेना म्हणून हा गांजा ओढू लागला. गोदामात अधूनमधून लघवी तपासतात. त्यात सापडला. पुन्हा सापडलास तर बाहेर, अशी लेखी ताकीद मिळाली. पाठीचं कुणी विचारलं नाही.

मीही नाही. मी बस चालवते. दिवसभर लोकांची कटकट ऐकून घरी आल्यावर मला आणखी कुणाचं रडगाणं नको असायचं. वर मीच त्याला झापलं, "लाज नाही वाटत?"

त्यानं गांजा सोडला आणि चकचकीत पुड्या आणायला लागला. सोबत काम करणाऱ्या जाड्यानं सांगितलं होतं, "हे तपासणीत येत नाही. आमच्या पाळीतले निम्मे लोक हेच ओढतात. उघड दुकानात मिळतं, म्हणजे वाईट कसं असेल?"

एका दुपारी मी आगारात बस लावत होते, तेवढ्यात जाड्याचा फोन आला. "ताई, लवकर या. त्याला झटके येतायत."

दवाखान्यात चौघांनी त्याला खाटेवर दाबून धरलं होतं. मला बघून तो किंचाळला, "हिला बाहेर काढा! मारायला आलीय ही मला!" ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, तो माझ्याकडे असा बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय घेतलं होतं?"

त्याच्या खिशातली पुडी मी पुढे केली. वर जांभळ्या फुलांचं चित्र. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'खोलीतील सुगंधासाठी. सेवनासाठी नाही.'

"आहे काय यात?"

"ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "वाळल्या पाल्यावर रसायन फवारतात. एका चिमटीत थोडं, दुसरीत दहापट. एकावर बंदी आली की जरासा बदल करून नवं काढतात. याला उतारा नाही. त्याची मूत्रपिंडं बंद पडलीत. बघू."

दुसऱ्या सकाळी जाड्याकडून पत्ता घेऊन मी त्या पुड्या विकणाऱ्या दुकानात गेले. मोबाइलची कव्हरं, लायटर, आणि गल्ल्यामागे त्याच पुड्यांची माळ. त्यातली एक मागून घेतली आणि म्हणाले, "हे ओढून माझा भाऊ दवाखान्यात पडलाय."

दुकानदार म्हणाला, "वर लिहिलंय ना, बाई. लोकांनी ओढलं तर माझा काय दोष?"

"सुगंधासाठी आहे ना? मग पसरू द्या सुगंध." मी पुडी फाडून त्याच्या ॲशट्रेत ओतली, त्याचाच लायटर उचलला. "दार लावून घेते. बसू दोघं."

त्यानं झडप घालून माझं मनगट पकडलं. "वेड लागलंय का? बंद खोलीत? मरायचंय?"

बोलून गेला आणि ओठ चावला. कव्हर बघायला आलेल्या दोन पोरी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मी पोलिसात गेले. साहेब म्हणाले, नमुना पाठवू, रसायन बंदीच्या यादीत असेल तर बघू. आठवड्यानं त्याच दुकानात नव्या रंगाच्या पुड्या लटकत होत्या.

भाऊ वाचला. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. बोलता बोलता शब्द हरवतो आणि रागानं स्वतःच्या कपाळावर बुक्क्या मारतो. मॅनेजर फळं घेऊन आला होता. "त्याची तपासणी तर स्वच्छ आली होती. म्हणजे गोदामाचा काही संबंध नाही."

"आणि पाठ? ती कधी तपासलीत?" मी विचारलं. फळांची पिशवी त्याच्याच हातात परत कोंबली.

त्यानंतर जाड्या आला आणि दारातच ढसाढसा रडायला लागला. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

"रडू नकोस," मी म्हणाले. "उद्या पाळी सुटताना फाटकावर माझ्यासोबत उभा राहा. माझं कोण ऐकणार? तू सांग त्यांना."

तो आला. लोक बाहेर पडू लागले तसा बोलायला लागला. मीच त्याला दिलं म्हणाला, मीही ओढतो म्हणाला, माझीही कंबर गेलीय म्हणाला. बरेच जण मान खाली घालून निघून गेले. सातआठ जण थांबले. एक बाई म्हणाली, "माझा खांदा."

मॅनेजर धावत बाहेर आला. "जाड्या, आत्ताच्या आत्ता आत ये. नाहीतर उद्यापासून येऊच नकोस."

जाड्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पुढे बोलत राहिला.