शेवटी ठेवलेला गोड विषय

१२ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे तीन टोल पडले आणि पुरसभेची, म्हणजे आमच्या नगरपालिकेची, सर्वसाधारण सभा सुरू झाली. तेवीस सदस्यांपैकी एकोणीस हजर होते. विषयपत्रिकेवर एकवीस विषय होते. ज्या विषयाची हकीकत मला सांगायची आहे, तो एकविसावा होता.

मित्रांनो, मी अध्यक्षांच्या टेबलावरची काशाची हातघंटा आहे. बेंगळूरहून आनेकलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. एके काळी येथे नाचणीची शेते होती. आता कपडे शिवण्याचे कारखाने आहेत आणि त्यांत काम करणाऱ्या बायकांनी भरलेल्या चाळी आहेत. माझा जन्म मात्र शहरात, एका तांत्रिक विद्यालयाच्या ओतशाळेत झाला. विद्यार्थ्यांनी वाळूचा साचा केला आणि अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील यांचा रस त्यात ओतला. पहिल्या खेपेस माझ्या कडेत हवेचा फुगा राहिला. शिक्षकांनी कानाशी धरून मला वाजवले, मान हलवली आणि पुन्हा मुशीत टाकले. मी दुसऱ्या खेपेची. लेथवर माझी कड कातली गेली, वर शिसवीची मूठ बसली आणि गावाला पुरसभा मिळाली त्या वर्षी मला येथे भेट म्हणून पाठवण्यात आले. पहिले अध्यक्ष मला हातात घेऊन म्हणाले होते, "हिच्या आवाजात राग नाही, पण ऐकल्याशिवाय राहवत नाही." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

मध्यंतरी काही वर्षे मी अडगळीतही काढली. सभागृहात ध्वनिक्षेपक आले, त्यांच्याबरोबर विजेचा बझर आला, आणि मी सुकलेल्या हारांबरोबर लोखंडी कपाटात गेले. एका शोकसभेत सारे जण उभे राहून मौन पाळत असताना तो बझर अडकला आणि थांबेचना. दुसऱ्या दिवशी मला चिंचेने घासून टेबलावर आणले. तेव्हापासून मी येथेच आहे.

सभा कशी चालते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगते. नागरिकाचा किंवा सदस्याचा प्रस्ताव आला की तो आधी स्थायी समितीकडे जातो. समिती जागा पाहते, नियम तपासते, आपला अभिप्राय लिहिते. मग सभेच्या आठवडाभर आधी मुख्याधिकारी आणि अध्यक्षा समोरासमोर बसतात आणि कोणता विषय कितवा घ्यायचा हे ठरवतात. विषयपत्रिका अशी तयार होते. हजर सदस्य आठाहून कमी झाले की गणपूर्ती मोडते, सभा तहकूब होते आणि राहिलेले विषय पुढच्या सभेत जातात.

आमच्या पुरसभेत आणखी एक रीत होती. ती कोणत्याही नियमात नाही. फार पूर्वी एका सभेत नळांच्या जोडण्यांवरून भांडण पेटले आणि एक खुर्ची खिडकीबाहेर गेली. त्यानंतर तेव्हाच्या अध्यक्षांनी ठरवले की ज्यावर कोणाचा विरोध नाही, ज्याने सर्वांना बरे वाटेल, असा एक विषय नेहमी अगदी शेवटी ठेवायचा. भांडून झाले तरी सदस्य हसत घरी जावेत. त्याला सारे 'गोड विषय' म्हणत. ही रीत चांगल्या मनाने घातली होती, हे मी शपथेवर सांगेन.

त्या सप्टेंबरात गोड विषय होता शारदाबाईंचा.

शारदाबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच भागातले. घरात मराठी, दारात कन्नड. गाव त्यांना शारदक्का म्हणे. पती गेल्यावर त्यांनी आपल्या भाड्याच्या घराची पुढची खोली कारखान्यातल्या बायकांच्या मुलांसाठी उघडली होती. सकाळी आठला आया लेकरे सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात. अशी नऊ मुले त्यांच्याकडे होती. आता घरमालकाला तेथे चार मजले बांधायचे होते. युगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, घर पडणार होते. पाण्याच्या टाकीमागे पंपचालकाचे दोन खोल्यांचे घर होते. पंप आपोआप चालू लागल्यापासून ते रिकामे होते. नळ होता, समोर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाची सावली होती. तेवढी जागा मुलांसाठी मिळावी, एवढीच शारदाबाईंची मागणी. पगारही त्यांना नको होता. स्थायी समितीने जागा पाहिली, पायऱ्यांना कठडा बसवावा असे सुचवले आणि एकमताने शिफारस केली.

विषयपत्रिका ठरली त्या दिवशी मी टेबलावरच होते. मुख्याधिकारी गुरुप्रसाद म्हणाले, "मॅडम, शारदक्कांचा विषय शेवटी घेऊ. कुणाची हरकत नाही. शेवट गोड होईल."

अध्यक्षा वीणा यांचा चेहरा खुलला. "सरी, चालेल. आणि त्या दिवशी मैसूरपाक सांगून ठेवा हं."

सभा सुरू झाली. दुसऱ्याच विषयावर, कचरा उचलण्याच्या कंत्राटावर, दोन तास गेले. एक सदस्य दुसऱ्याला म्हणाले, "अहो, कचऱ्याची गाडी तुमच्यापेक्षा नेमाने येते!" दुसऱ्यांनी त्यांच्या मेव्हण्याचे नाव काढले. वीणांनी मला इतक्या वेळा हलवले की माझ्या पोटातली लोळी तापली. दीड वाजला, आणि 'जेवून येतो' म्हणत एकेक खुर्ची रिकामी होऊ लागली. चौदाव्या विषयाशी गुरुप्रसादांनी डोकी मोजली. सात. माझा एक लांब टोल पडला आणि सभा तहकूब झाली.

मागे प्रेक्षकांच्या बाकावर शारदाबाई बसल्या होत्या. मांडीवर दोन वर्षांची अक्षरा झोपली होती. रम्या नावाच्या शिलाई कामगार मुलीची ती लेक. टोलाने ती जागी झाली. सदस्य पांगले, वीणा बाहेर गेल्या, तशी ती दुडदुडत टेबलापाशी आली आणि दोन्ही हातांनी मला उचलून तिने मनसोक्त वाजवले. शिपाई ओरडला, "ए, ठेव ते खाली!" शारदाबाई म्हणाल्या, "वाजवू दे रे स्वल्प. सभा तर मोडलीच आहे." मित्रांनो, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी नुसत्या आनंदासाठी वाजवले, ते तेवढेच.

ऑक्टोबरात तेच झाले. नोव्हेंबरातही. दर महिन्याला नवे विषय वर चढत. गोड विषय तळाशी जिथल्या तिथे राही. डिसेंबरच्या सभेआधी शारदाबाई सरळ अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्षाबाई, आमच्याकडं पायस पानावर आधी वाढतात. तुमच्याकडं कसं?"

"आमच्याकडेही आधीच, अक्का," वीणा हसून म्हणाल्या.

"मग माझं पायस भांडणाच्या सारानंतर का वाढता?"

सभागृहात हशा उसळला. शार्दूल नावाचे तरुण सदस्य बसल्या जागेवरून म्हणाले, "अक्का, तुमचं पायस सगळ्यांना आवडतं म्हणून! ते आधी वाढलं तर आमचं सार कोण खाणार?"

सदस्यांनी बाके वाजवली. शारदाबाईही हसल्या. क्रम मात्र कोणी बदलला नाही, आणि त्या दिवशीही सोळाव्या विषयावर मला उचलण्यात आले.

जानेवारीत वेणुगोपाल उठले. ते किराणा दुकानदार, शारदाबाईंच्याच भाषेचे, आणि त्यांचा प्रस्ताव सभेत मांडणारे सदस्य. मोठ्या धीराने ते म्हणाले, "मॅडम, शेवटचा विषय आज पहिला घ्यावा, अशी माझी विनंती आहे."

"वेणुगोपालना घाई असणारच," शार्दूल म्हणाले. "घरात एकच भाषा ना!"

थट्टाच होती ती. दोघेतिघे हसलेही. पण वेणुगोपाल यांचा चेहरा उतरला. त्या नऊ मुलांपैकी एकाचीही घरची भाषा मराठी नव्हती. कोणी कन्नड, कोणी तेलुगू, दोन भावंडे ओडिशाची. वेणुगोपालना हे ठाऊक होते. ते बोलले असते तर काम तिथेच झाले असते. ते म्हणाले, "राहू द्या. क्रमानेच घ्या," आणि खाली बसले.

सभा तहकूब झाल्यावर शारदाबाई त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. "वेणू, का बसलास रे खाली?"

"अक्का, आपल्या माणसाचं काम म्हणून करतो, असं म्हणतील. मग त्याला फाटे फुटतील. आता एकमताचा विषय आहे तो."

"एकमताचा आहे म्हणूनच पडून राहिलाय ना रे."

वेणुगोपालांनी विषयपत्रिकेची घडी खिशात घातली आणि ते दुकानाकडे निघाले.

फेब्रुवारीची सभा अंदाजपत्रकाची होती. त्या सभेत दुसरा विषय घेता येत नाही. उरली मार्चची. ती युगादीच्या तीन दिवस आधी आली, आणि घरमालकाने शारदाबाईंची पुढची खोली आदल्याच दिवशी रिकामी करून घेतली होती. सभागृहात नऊच सदस्य होते आणि त्यांचेही लक्ष खरेदीकडे होते. त्या दिवशी रम्या अर्धी पाळी सोडून स्वतः येऊन बसली होती. कारखान्याचा निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता. अक्षरा बाकाखाली खेळत होती.

"अक्का, अजून किती?"

"सहा विषय. होईल आज. बैस."

दोन सदस्य फोन कानाला लावून बाहेर गेले ते परतले नाहीत. वीणांनी दाराकडे पाहिले, गुरुप्रसादांकडे पाहिले. शिपायाला बाहेर धाडले. तो हात हलवत परत आला. वीणांचा हात माझ्या मुठीवर बराच वेळ नुसता राहिला. मग त्यांनी मला उचलले.

रम्या रडली नाही. म्हणाली, "मग आजच्या बसनं हिला आईकडं सोडून येते. रायचूरला."

"दोन दिवस थांब गं. मी बघते काहीतरी."

"दोन दिवस कुठं ठेवू, अक्का? मशीनखाली?"

शारदाबाईंनी पोरीला बाकाखालून काढले. आपल्या खांद्यावरचा पंचा तिच्या कानांभोवती बांधला आणि गाठ दोनदा तपासली. "खिडकी लावून घे बसची. हिला वारा सोसत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

युगादीनंतरच्या आठवड्यात ते घर पडले. तोवर नऊही मुले गेली होती. कोणी कलबुर्गीला आजोबांकडे, कोणी धर्मपुरीला मावशीकडे. ओडिशाच्या भावंडांबरोबर त्यांची आईच काम सोडून गेली. शारदाबाईंना त्यांचा भाचा जयनगरला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर.

एप्रिलच्या सभेत माझे तीन टोल पडताच वीणा म्हणाल्या, "आज शेवटचा विषय आधी." सूचक वेणुगोपाल, अनुमोदक शार्दूल. ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. सदस्यांनी बाके वाजवली आणि मैसूरपाकचे डबे उघडले गेले. तेव्हा वेणुगोपाल उठून म्हणाले, "मॅडम, मुलं गेली."

काही हात डब्यातच थांबले.

"खोली तर तयार करू," गुरुप्रसाद हलक्या आवाजात म्हणाले. "येतील."

खोली फार सुंदर झाली. कठडा बसला. शार्दूल यांनी आपल्या खर्चाने भिंतीवर बदके काढून घेतली. नऊ चटया आल्या, नऊ पेले आले. १६ जून २०२५ रोजी उद्घाटन ठरले आणि माझ्या आवाजाने दार उघडावे म्हणून मलाही तेथे नेण्यात आले. वेणुगोपाल जयनगरहून शारदाबाईंना रिक्षाने घेऊन आले. शारदाबाईंच्याने आता जिने चढणे-उतरणे होत नव्हते आणि रोज येणे शक्य नव्हते. त्यांच्या जागी येथे बसेल असे कोणी मिळाले नव्हते. त्या एका चटईवर बसल्या आणि शेजारची चटई हाताने साफ करत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत रम्या धावत आली. एकटीच.

"कशी आहे गं आपली अक्षरा?" शारदाबाईंनी विचारले.

"बरी आहे, अक्का. चांगलं बोलते आता." रम्या भिंतीवरच्या बदकांकडे पाहत होती. "फोनवर माझ्या आईला अम्मा म्हणते. मला अक्का म्हणते."

शारदाबाईंनी तिचा हात धरला. वीणा दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला पदराआड धरले आणि त्या दिवशी वाजवले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी शाळेच्या समितीवर बसाल, कोणी सोसायटीच्या, कोणी कदाचित आमच्यासारख्या सभागृहात. तुमच्यापुढे भांडणाचे विषय येतील. ते वाट पाहू शकतात, कारण त्यांच्यासाठी ओरडणारे पुष्कळ असतात. ज्यावर साऱ्यांचे एकमत आहे त्याच्यासाठी कोणी ओरडत नाही. तो विषय आधी घ्या. आणि कोणी टोमणा मारला तरी उभे राहिलात तर उभेच राहा. माझा धातू चांगला आहे, अजून शंभर वर्षे वाजेन. पण मी सभा सुरू करू शकते आणि संपवू शकते, क्रम लावणे माझ्या हाती नाही. ते माणसांच्या हाती आहे.

उद्घाटनाच्या दिवशी, संध्याकाळी सहापर्यंत दाखल झालेली मुले : शून्य.