घंटा थांबेपर्यंत

शाळेच्या घंटेला मी जितकी घाबरते तितकी सापालाही घाबरत नाही. सातपूरला आमचं घर आणि शाळा यांच्यात एकच गल्ली आहे. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. शिपाई लहानूमामा त्याच्यावर असा दणका देतात, की जणू रुळाने त्यांचं काही घोडं मारलंय. तो आवाज झाला की माझं शिलाई मशीन थांबतं.

कारण चैताली. माझी मुलगी, नऊ वर्षांची. बोलते अगदी मोजकं, आणि मोठा आवाज तिला सहनच होत नाही. शाळेत घातली तेव्हा घंटा झाली की कान दाबून ती थेट गेटबाहेर पळायची. बाहेर रस्ता, आणि रस्त्यावर कारखान्यांची शिफ्ट सुटलेली. एकदा टेम्पोने करकचून ब्रेक मारलेला मी घरात बसून ऐकला आणि तो टेम्पो तिच्यासाठीच थांबला होता. मुख्याध्यापक गांगुर्डे सर म्हणाले, "हिला वेगळ्या शाळेत घाला, ताई. शिकवू हो आम्ही, पण सांभाळायचं कोणी?" माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मीही तशीच, म्हणून ओळखते.

तिच्या वर्गाच्या योगिनी मॅडम मात्र चिवट. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि वर्गातल्या लोखंडी कपाटामागे त्यांनी तिच्यासाठी कोपरा केला. चटई, उशी आणि माझ्या जुन्या साडीचा पडदा. नियम सोपा होता: मोठा आवाज सुरू झाला की तिथे जाऊन कान दाबून बसायचं आणि आवाज थांबल्यावरच उठायचं. मधेच कोणी हाक मारली तरी उठायचं नाही, कारण मधे उठली की ती पुन्हा गेट गाठायची.

शाळेत मॅडमनी शिकवलं, घरी मी. मी ताट बडवायची आणि ती गोदरेजच्या कपाटामागे जायची. रात्रपाळी करून झोपलेला माझा नवरा रविराज उशीत डोकं खुपसून म्हणायचा, "पोरगी शिकेल गं, पण मी बहिरा होईन." पण शिकली. दिवाळीनंतर ती एकदाही गेटकडे पळाली नाही. मी काळारामाला नारळ फोडून आले. तरी घंटा झाली की माझं मशीन थांबायचंच. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात, माझं तसं झालं होतं.

त्या दिवशी खिचडीच्या सुट्टीआधीच घंटा सुरू झाली आणि थांबेचना. ठण ठण ठण, नुसती वाजतच राहिली. बाहेर आले तर शाळेच्या मागच्या बाजूने काळा धूर निघत होता. खिचडीच्या शेडमध्ये गॅसच्या नळीने पेट घेतला होता. मी अनवाणी पळाले.

मैदानात पोरं रांगा करून उभी होती. मी चैतालीच्या वर्गाची रांग वरपासून खालपर्यंत बघितली, मग पुन्हा बघितली. ती नव्हती. योगिनी मॅडमही नव्हत्या. त्यांना त्या आठवड्यात मतदार यादीच्या कामाला पाठवलं होतं. शेजारच्या वर्गाच्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पळाली वाटतं हो! सर रस्त्याकडे गेलेत शोधायला."

मीही रस्त्याकडे धावले. खोटं कशाला बोलू? माझी पोरगी शिकते म्हणून अख्ख्या शाळेशी भांडणारी मी, पण मलाही तेच वाटलं, की ती पळाली. गेटबाहेर गांगुर्डे सर दोन्ही हात पसरून ट्रक थांबवत होते. त्यांची एक चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. मी ट्रकच्या चाकांखाली बघत होते. तिथे काय दिसेल या भीतीने डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटवतही नव्हते.

मागे घंटा वाजतच होती. आणि एकदम मी गर्रकन मागे वळले. घंटा वाजतेय. मग ती पळेल कशाला? ती बसली असेल. आम्ही बसवलंय तिथे.

तिचा वर्ग शेडला लागूनच. आत धुराने समोरचा फळाही दिसत नव्हता. पदर तोंडावर धरून मी पडदा ओढला. चैताली उशीवर बसली होती, कान घट्ट दाबून, डोळे मिटून. खोकत होती आणि बसली होती.

"चल, बाळा. चल लवकर!"

तिने मान हलवली. मी दंड धरून ओढलं, तशी तिने कपाटाच्या पायाला मिठी मारली. मी ओढत होते आणि ती किंचाळत होती. "वाजतंय! वाजतंय!" तिचं बरोबर होतं. मी खिडकीतून ओरडले, "लहानूमामा, घंटा बंद करा!" पण घंटेपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मग मी तिला सोडलं. त्या धुरात, माझ्या हाताने सोडलं आणि बाहेर पळाले. आयुष्यात एवढं भयंकर काही मी केलेलं नाही. व्हरांड्यात लहानूमामा घामाने निथळत दणके घालत होते. मी त्यांचा हात धरला.

"सोडा, बाई! सरांनी सांगितलंय, शेवटचं पोरगं भायेर येत नाय तवर घंटा थांबवायची नाय. एक पोरगी अजून गावली नाय!"

मी त्यांच्या हातातली लोखंडी कांब हिसकावून मैदानात फेकली.

शांत झालं. मी पुन्हा वर्गाकडे वळले, तोवर ती दारात दिसली. स्वतःहून, चालत. कानावरचे हात काढले, खोकली, पायऱ्या उतरली आणि मैदानात जाऊन आपल्या रांगेत उभी राहिली.

गांगुर्डे सर धापा टाकत आले. एका पायात चप्पल, एक पाय नुसता. तिला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठं पळाली होती ही?"

"पळाली नव्हती, सर. आत बसली होती. घंटा थांबायची वाट बघत."

लहानूमामा पायरीवर मटकन खाली बसले. "अन् मी हिची," ते म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "उद्या पाठवा, ताई. मॅडमना बोलावून घेतो. धुराचं, आगीचं वेगळं काहीतरी शिकवू तिला."

मी हो म्हटलं. इतकी वर्षं मला एकच भीती होती, ही काही शिकली नाही तर? आता कळलं होतं की ती शिकते. आम्ही जे शिकवू ते, आणि ते श्वास कोंडला तरी सोडत नाही. उद्या तिला काय शिकवायचं, हे मला ठरवायचं होतं.