बिनतारखेचं टिपण

"टिपणावर तारीख घालत जा बाई, बिनतारखेचा कागद मरत नाही," असं मास्तर तिला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. मास्तर म्हणजे तिच्या कक्षातले सगळ्यात जुने लिपिक. सगळ्या खात्यांच्या मंत्र्यांची सभागृहातली उत्तरं तयार करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. तिने हसून बरं म्हटलं आणि सोडून दिलं. आता सगळं संगणकात असतं, हे मास्तरांना कोण सांगणार!

त्या गुरुवारी वाणिज्यमंत्र्यांच्या गळ्यात दोन खाती पडली. स्वतःच्या खात्याचे स्पर्धा कायद्यावरचे प्रश्न होतेच. संरक्षणमंत्री आजारी, म्हणून लष्करी तळ बंद करण्याबाबतचे प्रश्नही त्यांनीच घ्यायचे ठरलं. दोन्ही फायली तिने सकाळी लावल्या त्या एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फोन होता. पाळणाघरातल्या ताई सांगत होत्या की बाळाने दोनदा दूध उलटून टाकलं, अंग थोडं कोमट लागतंय, पण घाबरू नका.

डोंगरापलीकडचा हवाई तळ सहा महिन्यांत बंद होणार, हे तिला दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं. तिचा दादा त्याच तळावर आगीचा बंब चालवायचा. वार्षिक बदल्यांच्या अर्जांची मुदत नेमकी त्याच गुरुवारी पाच वाजता संपत होती. यादीत ज्याचं नाव नसेल, तो तळाबरोबर घरी बसणार. दादाने तीनदा विचारलं होतं, अर्ज भरू की नको? पोरीची शाळा, वहिनीचे शिवणाचे वर्ग, आईचे गुडघे, सगळं उचलून न्यायचं म्हणजे काही खायचं काम नव्हे. पण सभागृहात जाहीर होण्याआधी कुणाला सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी. गुरुवारी मंत्र्यांचं उत्तर ऐक आणि मग ठरव, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठीच्या गॅलरीत ती दुसऱ्या रांगेत बसली होती. तळाच्या मतदारसंघातल्या सदस्य उठल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, आमचा तळ राहणार की जाणार? मंत्र्यांनी फाईल उघडली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचलं, "हा तळ बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही."

बाकं वाजली. ते वाक्य मागच्या अधिवेशनातलं होतं, तिनेच टंकलेलं. नवं टिपण त्याच्या खालीच होतं. दोन्ही कागद दिसायला सारखे आणि एकावरही तारीख नाही.

तिने चिठ्ठी लिहिली, 'साहेब, जुनं उत्तर वाचलं गेलं. तळ बंद होतोय.' शिपायाने ती मंत्र्यांच्या पुढ्यात ठेवली तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला होता. जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीने दुसरी गिळली, त्यावर स्पर्धा आयोग काय करतोय? इथे मंत्री घरच्या मैदानावर होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि रंगात येऊन सांगू लागले की कायद्याचा गाभा एकच. माणसाला निवड हवी, आणि निवडायला खरी माहिती हवी. ती लपवणाऱ्याला हे शासन सोडणार नाही. पुन्हा बाकं वाजली.

बाहेर आल्यावर तिने त्यांना जिन्याजवळ गाठलं. दुरुस्तीचं निवेदन सोमवारी करू, ते शांतपणे म्हणाले. आज उठून चुकलो म्हटलं तर उद्याच्या पेपरात दुसरं काही छापून यायचं नाही.

"साहेब, बदलीच्या अर्जांची मुदत आज पाचला संपते."

ते थांबले. तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "तुमचं कोणी आहे का तिथे?"

"दादा आहे."

"मग फोन करा त्याला. मी काही ऐकलेलं नाही." खांद्यावर हात ठेवावा इतक्या मायेने ते बोलले आणि जिना उतरून गेले.

चार वाजायला दहा मिनिटं होती. दादाने फोन उचलला तो हसतच. त्याच्या मागे कपबशांचा आवाज होता. सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं आणि अर्धे भरलेले अर्ज फाडून टाकले होते.

"दादा, अर्ज भर. आत्ताच्या आत्ता."

मागचा आवाज तसाच चालू होता. दादा मात्र बाजूला सरकला. मग हळूच म्हणाला, "ठमे, आम्ही एकशेचाळीस जण आहोत. मी एकटाच उठून अर्ज भरायला गेलो तर हे मला काय समजतील? आणि मी यांना काय सांगू?"

फक्त दादा म्हटलं तर तिची नोकरी वाचत होती. साहेबांनी तेवढी फट ठेवली होती. पाळणाघराचा फोन मध्येच येत होता, तो तिने वाजू दिला.

"सगळ्यांना सांग," ती म्हणाली. "माझ्या नावाने सांग."

पाचपर्यंत सत्त्याण्णव अर्ज गेले. बाळाचा ताप संध्याकाळी उतरला. शुक्रवारी तिला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मास्तरांनी ते वाचलं, खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि खुलाशाचा मसुदा लिहायला लागले. सोमवारी मंत्र्यांनी दोन ओळींत चूक दुरुस्त केली आणि मुदत पुढच्या सोमवारपर्यंत वाढली. पण तसं पत्र लागलं ते तळाच्या फाटकाआतल्या फलकावर, रजेवर बाहेर असलेल्यांना ते दिसणार कसं!

अर्ज न गेलेल्यांची यादी दादाने पाठवली, आणि ती एकेकाला फोन लावत बसली. बेचाळीस जण सापडले. एक राहिला, पाण्याच्या पंपावरचा म्हातारबा. रजा टाकून बहिणीकडे गेलाय, फोन वापरत नाही आणि तळ राहणार या भरवशावर निवांत असेल. बहिणीचं गाव कुणालाच ठाऊक नाही. तिने जिथे जमेल तिथे निरोप ठेवलेत. तुमच्या शेजारी असा कुणी पाहुणा उतरला असेल, सकाळी उठून उगाच नळ तपासणारा, तर येत्या सोमवारच्या आत त्याच्या दारात जा. तळाचं कळलंय का आणि अर्ज गेला का, एवढं त्याला विचारा.