दांड्यातला आवाज

माझे सासरे थिओडुल पंचाहत्तरीचे, पण आल्प्सच्या आमच्या उतारावर ते कायम माझ्यापुढे. उन्हाळ्यात तिथली पांढरी अपोलो फुलपाखरं जाळीत धरायची, पंखावर शाईची खूण करायची आणि सोडून द्यायची, हा त्यांचा जुना नाद. त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून नवऱ्याने मला सोबत धाडलं होतं.

दुपारी सुळक्यामागून काळा ढग वर आला.

"बाबा, उतरू या ना."

"ढगाला भितेस, एडविना? मग माझ्या मुलाशी लग्न कसं केलंस?"

"त्याचा गडगडाट घोरण्यापुरता असतो."

ते खो खो हसले. तेवढ्यात ऊन गेलं आणि फुलपाखरं जिथल्या तिथे काटेरी फुलांवर बसून राहिली. गारठ्यात त्यांना उडता येत नाही.

"आता हातानेच उचलतो," म्हणत बाबा एकावर वाकले. त्याने पंख फाकून तांबडे ठिपके दाखवले आणि सुस्स केलं. भ्यालं की ते असंच करतं. बाबांनी हात मागे घेतला, फुलपाखरू गप्प झालं. आवाज मात्र चालूच राहिला.

तो त्यांच्या खांद्यावरच्या जाळीच्या धातूच्या दांड्यातून येत होता. माझ्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले; वीज पडायच्या बेतात होती.

"टाका तो! बाबा, टाका!"

ते नुसतेच बघत राहिले. मी दांडा हिसकावून खाली भिरकावला. हाताला मुंग्या आल्या.

"उकिडवे बसा! माझ्यापासून लांब!"

"पोरी, हात तरी धर गं."

एवढा बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण हात धरला असता तर एकाच विजेत दोघं गेलो असतो. मी मान फिरवली.

सगळं पांढरं झालं. डोळे उघडले तेव्हा बाबा कुशीवर पडले होते. मी ओरडत होते आणि मला माझीच हाक ऐकू येत नव्हती. गारांतून रांगत गेले. नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात. त्यांच्या छातीवर हात ठेवला. धडधडत होती.

कान थोडा उघडला तेव्हा बाबांचं पहिलं वाक्य ऐकलं, "माझा पाय कुठंय?"

पाय होता, पण बधिर झाला होता. वादळ सरल्यावर घसरत, एकमेकांना धरत खाली आलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला एकटीलाच वर पाठवलं. शेवटच्या कुंपणापाशी मला ढगाचा एक पुंजका दिसला आणि मी परतले.

"फुलपाखरं दिसली का?" त्यांनी अंगणातल्या बाकावरून विचारलं.

"वरपर्यंत गेलेच नाही. भ्याले."

मला वाटलं, आता टोमणा येणार. ते बाकावर सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.