ताईच्या वजनाचे शॉकअप

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून आमच्यात अजून पत्रं चालतात. तिनं लिहिलं होतं, ‘गाडी घेतलीस असं कळलं. तीही दोनच माणसांची, आणि लाल. या वयात! असो. त्यातली एक जागा माझी. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर इतक्या बुटक्या गाडीत मला शिरता येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. तेव्हा आधी ये आणि घाटातून तळ्यापर्यंत फिरवून आण. फार हळू चालवलीस तर उतरून चालत जाईन.’

खरं तर उत्तर एका शब्दात देता आलं असतं, ‘येतो.’ पण गाडी ताईला बसवण्याच्या लायकीची नव्हती. माझ्याआधी दोघांनी वापरलेली. टायर वयानं कडक झालेले, धक्के झेलायचे शॉकअप तेल गाळून बसलेले. रस्त्यात पडलेल्या काडेपेटीवरून गेली, तर आत काड्या किती आहेत ते माझ्या मणक्यांना कळायचं.

जन्मभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलीही गोष्ट करण्याआधी मी तिच्याबद्दल वाचतो, आणि वाचून झालं की ती करायची हिंमत उरत नाही. चाकं, टायर, स्प्रिंगा यांच्यावर मी इतकं वाचलं की बायको म्हणाली, “सायकलवरून गेला असतात तर एव्हाना परत आला असतात.”

शेवटी गॅरेजमध्ये गेलो.

“बोला प्रोफेसर, काय ठरलं?” गॅरेजवाल्यानं विचारलं. मी कधीच प्रोफेसर नव्हतो. पण पहिल्या दिवशी त्याची चूक सुधारायची राहिली आणि आता फार उशीर झाला होता.

“पंधरा इंची चाकं, जाड टायर आणि मऊ स्प्रिंगा,” मी म्हणालो. “असं मला वाटतं. म्हणजे, तुम्हालाही वाटत असेल तर.”

“पंधरा? ही गाडी आहे की बाबागाडी? सतरा घाला. काळी कुळकुळीत. टायर पातळ, आणि गाडी दोन बोटं खाली. सिंह दबा धरून बसतो ना, तशी दिसली पाहिजे!”

मला सिंह नको होता. पण बोलता बोलता त्यानं ते काळं चाक माझ्या हातात दिलं, आणि समोरच्यानं हातात दिलेली वस्तू परत करणं मला कधी जमलेलं नाही. माझ्या लग्नातल्या सुटाचा रंग असाच ठरला होता.

गाडी सुरेख दिसू लागली. आमच्या फाटकापर्यंत आलीही. फाटकात एक गतिरोधक आहे. पुढची चाकं त्याच्यावरून उतरली आणि गाडी पोट टेकवून थांबली. अगदी दबा धरलेल्या सिंहासारखी, फक्त उठेना. मी खाली उतरून पाहिलं. काही फरक पडला नाही. रखवालदार आणि दोन शेजारी यांनी मिळून ती उचलली. तिसरे शेजारी खुर्ची आणून बसले.

“गतिरोधकच चुकीचा बांधलाय,” गाडी परत नेली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला.

“मला माझ्या बहिणीला न्यायचंय!” मी ओरडलो. स्वतःचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला आणि लगेच दचकून हळू बोलू लागलो. “तिचा गुडघा दुखतो हो.”

“मग आधी नाही का बोलायचं? मला वाटलं, तुम्हाला कुणावर तरी छाप पाडायचीय.”

“पाडायची आहेच. तिच्यावरच.”

त्यानं गाडी पुन्हा दोन बोटं वर घेतली आणि पंधरा इंची चाकं बसवली. ती दिसायला साधी, पण त्यांच्यावर टायरची कड चांगली चार बोटं उंच राहत होती. खड्ड्याचा पहिला धक्का तिनं खायचा, दुसरा स्प्रिंगेनं. शॉकअप असे निवडले की त्यांच्या डोक्यावरचं बटण एका बाजूला फिरवलं की कडक, दुसऱ्या बाजूला मऊ.

“आता ताईंचं वजन सांगा,” तो म्हणाला.

“ते कशाला?”

“गाडी एवढीशी. शेजारचं माणूस बसलं की सगळा तोल बदलतो. तुमचं वजन दिसतंय. त्यांचं कळलं की बटण किती फिरवायचं ते ठरवू.”

ताईला वजन विचारायचं! तिच्या पूर्वीच्या डॉक्टरांनी ते एकदा विचारलं होतं. म्हणूनच ते पूर्वीचे.

मग मी अंदाज बांधला. घरातल्या शब्दकोशाचे खंड वजनकाट्यावर ठेवून पाहिले, साधारण एका ताईइतके शेजारच्या आसनावर रचले आणि वरून पट्टा बांधला. पहिल्याच वळणावर ‘क ते घ’ हा खंड निसटून गिअरवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी दोरीनं आवळले. रोज बटण थोडं फिरवायचं, एक चक्कर मारायची आणि रात्री अंथरुणात शंका काढायची, असं चाललं होतं. एका सकाळी बायको फाटकाशी आडवी आली.

“हे कोण?”

“ताई.”

तिनं खंड नीट न्याहाळले. “रुंदीला बरोबर आहेत. पण ताई एवढ्या गप्प बसत नाहीत. काढा ते. मी बसते. मी अधिक दोन खंड म्हणजे ताई.”

मांडीवर दोन खंड घेऊन ती बसली. गतिरोधकावरून गेलो. “जरा मऊ करा,” ती म्हणाली. केलं. पुन्हा गेलो. या खेपेला खंड मांडीवरून हललेसुद्धा नाहीत.

“झालं,” ती म्हणाली.

“आणखी किंचित फिरवलं तर—”

“अहो, पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन आहे. ते उरकायची वाट बघताय का?”

मी गाडी बाजूला घेतली. “ताई मला सायकल शिकवत होती,” मी म्हणालो, “तेव्हा उतार आला की मी उतरून चालायचो. पन्नास वर्षं ती पाहुण्यांना तोच किस्सा सांगतेय. घाटात गाडी बंद पडली तर?”

“तर त्यांना दुसरा किस्सा मिळेल. नाही पडली तरी मिळेल. बिचाऱ्या पाहुण्यांचा तरी विचार करा.”

यावर मी काहीच वाचलेलं नव्हतं, त्यामुळे शंका सुचली नाही. घरी येऊन लिहिलं, ‘ताई, उद्या सकाळी येतो. सपाट चपला घाल. बाकी काही विचारत नाही.’

बायकोनं खांद्यावरून वाचलं. “पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील. तुम्ही उद्याच तिथे असाल.”

“हो.”

“मग पाठवता कशाला?”

“पाठवलं नाही तर मी उद्या जायचा नाही.”

तिकीट तिनंच चिकटवलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी गाडीनंच गेलो आणि पत्र आत टाकलं. एकदा टाकलेलं पत्र बाहेर काढता येत नाही, हे दोनदा बोटं घालून नीट तपासून घेतलं.