गिंडीच्या ऑफिसातले मासे

तांब्याच्या खाणीवाल्या एका कंपनीच्या चेन्नईत, गिंडी भागातल्या ऑफिसात रंजनी जनसंपर्क सांभाळायची, म्हणजे खरं तर मासे सांभाळायची. खाण होती दूर डोंगरात, जंगलातल्या ओढ्याकाठी. ओढा नासला अशी ओरड वाढली, तेव्हा तिचे वरिष्ठ गिरीधर साहेब यांनी तिथलं पाणी कॅन भरून मागवलं, दाराजवळच्या काचेच्या टाकीत ओतलं आणि त्यात लालचुटुक मासे सोडले. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं, पाणी किती निर्मळ आहे!

मासे मात्र ऐकेनात. दोन दिवसांत उताणे. रंजनी गुपचूप कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून नवे आणायची. "मॅडम, तळून खाता की काय?" दुकानदाराने एकदा काळजीने विचारलं.

शेवटी वैतागून तिने टाकीत मेट्रोवॉटर, म्हणजे शहराच्या नळाचं पाणी, भरलं. मासे टुणटुणीत!

"बघ, सवय झाली त्यांना," साहेब म्हणाले.

ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरी खाण काढायची, म्हणून साहेबांनी तिथल्या गावच्या मंडळींना संमतीसाठी ऑफिसात बोलावलं. त्यांची पुढारी अलमेलू, खाणीच्या फाटकाशी खानावळ चालवणारी.

"अम्मा, हे तुमच्याच ओढ्याचं पाणी," साहेबांनी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

अलमेलूने काचेला नाक लावलं. "खाणीमुळे माझी खानावळ चालते. पण ओढा नासला, तेव्हापासून पाणी टँकरचं. कमावते मी, नेतो टँकरवाला. हे खरंच आमचं पाणी असेल, तर आत्ता सही करते. पेन द्या."

साहेबांचा हात खिशाकडे गेला. रंजनी पुढे धावली.

"अय्यो, थांबा अम्मा! हे मेट्रोवॉटर आहे. ओढ्याच्या पाण्यात मासे टिकेनात, म्हणून मीच बदललं."

साहेब टाकीतल्या माशांसारखे लाल झाले. अलमेलू मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मग आमच्या ओढ्यातही मेट्रोवॉटरच सोडा की!"

चेन्नईत नळाच्या पाण्याला एवढा मान कधी मिळाला नसेल. दारावरचा वॉचमनही तोंड फिरवून हसू लागला.

"खाण बंद करा म्हणत नाही मी," पदराने डोळे पुसत अलमेलू म्हणाली, "माझं दुकान बुडेल. पण आधी पाणी शुद्ध करून सोडा. त्यात मासा जगला, की सहीला बोलवा."

दुसरी खाण अडली. कंपनीला मुकाट्याने पाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधायला घ्याव्या लागल्या, आणि त्यांवर देखरेख करायला साहेबांनी शिक्षा म्हणून रंजनीलाच डोंगरात धाडलं. ती रोज अलमेलूकडे जेवते. रसम झणझणीत असतं. पाणी अजून टँकरचंच.